निळी पूड, लाल प्रकाश

एकाच खोलीत तीन माणसं वर्षानुवर्षं काम करत असली की किस्से आपोआप साठतात. आमच्या खोलीत तर जोडीला बॅक्टेरिया होते!

नव्वदच्या दशकातलं बंगळूर. हिरड्या पोखरणाऱ्या बॅक्टेरियांवर निळ्या रंगात भिजवलेली अतिबारीक पूड टाकायची आणि वरून लाल लेझर मारायचा. प्रकाश पडला की रंग कामाला लागतो आणि बॅक्टेरिया मरतात, अशी कल्पना. 'नॅनो' हा शब्द अजून आमच्या तोंडी आला नव्हता. आम्ही सरळ 'पूड' म्हणायचो. लेझर देसाई सरांचा, दातांचा दवाखाना सरोजअक्कांचा आणि मधली धावपळ माझी. मी पुण्याहून नुकतीच आले होते.

*

हे बॅक्टेरिया हवा लागली की मरतात, म्हणून ते प्लेटवर पसरून बंद बरणीत वाढवायचे. वास भयंकर. पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा शेजारच्या ऑफिसातून निरोप आला, तुमच्याकडे उंदीर मेलाय, शोधा.

सरांनी उलट निरोप धाडला, "मेलेलं काही नाही. सगळं छान वाढतंय."

*

पहिल्याच प्रयोगात झाडून सगळे बॅक्टेरिया मेले. सरांनी पेढे मागवले. अक्कांनी शांतपणे विचारलं, की प्रकाश न दाखवलेली प्लेट कुठाय? पाहिलं, तर तीही साफ! सकाळी एका पाहुण्याला दाखवायला सरांनी बरणी उघडली होती आणि झाकण हातात धरून अर्धा तास माहिती दिली होती.

"म्हणजे माझ्या भाषणानेही मरतात," सर म्हणाले. "वहीत लिहा."

पेढे खाल्लेच.

*

अक्कांचं मराठी घराणं बंगळुरात तीनशे वर्षांचं. नमुने हवे होते, तर त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच सगळ्या बायकांना नीट समजावून, विचारून कागदाची बारीक काडी हिरड्यांवर फिरवून घेतली. "स्वल्प आ करा, मग तिळगूळ."

वाण म्हणून प्रत्येकीला नवा टूथब्रश.

*

मग एका दुपारी ती प्लेट आली. लाल ठिपका पडला होता तेवढाच गोल स्वच्छ. भोवताली सगळं बॅक्टेरियांनी काळं, जिवंत. प्रकाश न दाखवलेली प्लेटही जिवंत. मी दोनदा तपासलं. सर उठले. प्लेट घेऊन जिन्यात जाऊन बसले, ते चहा निवून गेला तरी आत आले नाहीत.

*

रामण्णा यशवंतपूरच्या एका देवळात नागस्वरम वाजवायचे. सनईचंच ते थोरलं भावंड. हिरड्या खराब होऊन पुढचे दात हलायला लागले, फुंक सुटायला लागली आणि वर्षभर वादन बंद पडलं. सगळ्या परवानग्या आणि त्यांची संमती घेऊन उपचार सुरू झाले. दोन्ही बाजूंची नेहमीची सफाई. मग एका बाजूला पूड, दुसरीकडे नुसतं खाण्याच्या रंगाचं निळं पाणी, लाल प्रकाश मात्र दोन्हीकडे. कुठल्या बाटलीत काय, ते फक्त माझ्या कपाटातल्या यादीत. त्यांना माहीत नव्हतं, आणि औषध लावणाऱ्या अक्कांनाही नाही.

तीन महिन्यांनी ते तपासणीला आले. अक्का हिरड्या मोजायला पुढे सरकल्या, तर त्यांनी हातानेच थांबवलं. पिशवीतून वाद्य काढलं आणि दवाखान्यातच सूर लावला. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. एक लांबलचक सूर धरून त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं, दोन्ही गाल चाचपले.

"उजवीकडे दात घट्ट बसलेत," ते कन्नडमध्ये म्हणाले. "डावीकडून अजून फुंक सुटते. तिकडेही हेच औषध घाला ना."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. यादी उघडायला अजून महिना बाकी होता. मी घाईघाईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "सांगू नकोस. कळलं."