आजी मागे राहिली

मी माझ्या आजीला एकदा मूर्तिजापूरला विसरून आले.

आजी आता नाही. ती गेली तेव्हा बाळापूरपासून अंजनगावपर्यंतचे तिचे विद्यार्थी भेटायला आले. बाईंनी आम्हाला घडवलं, असं डोळे पुसत सांगून गेले. आमच्या घरात मात्र तिची आठवण निघाली, की आधी मूर्तिजापूर निघतं आणि सगळे माझ्याकडे पाहतात.

झालं असं. अमरावतीला चुलतबहिणीचा साखरपुडा होता. आई-बाबा आदल्या दिवशीच पुढं गेले. अकोल्याहून आजीला आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नुकतीच गाडी शिकले होते. (माझ्या मते शिकले होते. बाबांच्या मते अजून शिकून राहिले होते.) एसीचा वारा गुडघ्यांना लागतो म्हणून आजी मागच्या सीटवर गोधडी डोक्यापर्यंत ओढून झोपली. शेजारी काकूसाठी घेतलेले दोन भलेमोठे कोहळे.

मूर्तिजापूरजवळ एका हॉटेलपाशी मी चहाला थांबले. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, म्हणून बोलत बोलत झाडाखाली गेले. परत येऊन पाहिलं तर मागं गोधडीचा ढिगारा तसाच. बिचारी गाढ झोपली, असं म्हणून मी दार हळूच लावलं आणि निघाले.

पुढचा सगळा रस्ता मी आजीशी बोलत होते. साखरपुड्यात मला बघायला एक मुलगा येणार होता. तो मला नको, इतक्यात लग्नच नको, हे तिला समजावून सांगितलं. एरवी माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर ती त्यातल्या दोन चुका काढायची. आज चकार शब्द नाही. आजीला पटलं, या आनंदात मी अमरावतीत शिरले.

काकांनी मागचं दार उघडलं. "आई, उतर." गोधडी बाजूला केली आणि ते तसेच वाकून उभे राहिले.

"काहून वं, आई कुठी आहे?"

"मागं आहे ना."

"मांगं कोहये आहेत."

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कोहळे दोनच होते. बाबांनी आजीचा मोबाइल लावला. तो सीटखालच्या पिशवीत वाजला. ऐंशीच्या वरची बाई, बीपीची गोळी दुपारची, ती गोळीची पिशवी गाडीत आणि आजी हायवेवर. उतरली कुठं, कुणाच्या मागं गेली, रस्ता ओलांडायला गेली का? काकू देवापुढं बसल्या. मला कुणी रागावलंसुद्धा नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

गाडी बाबांनी घेतली. बडनेरा मागं पडलं आणि अनोळखी नंबरवरून बाबांना फोन आला.

"पोचली का पोट्टी?" आजीचा आवाज.

"आई, तू कुठी आहेस?"

"मी कुठी जाईन? जिथी सोडली तिथीच आहो."

"मंग आधी फोन काहून नाई केला?"

"ते नवी ड्रायव्हर. फोन केला असता तं घाबरून ठोकली असती कुठी. म्हटलं, पोचू दे घरी, मंग सांगू."

मी खिडकीकडे तोंड करून रडले.

आम्ही पोचलो तेव्हा आजी गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसून भजी खात होती. ती बाथरूममधून येऊन पाहते तर गाडी नाही. काय करावं म्हणून तिनं हॉटेलची पाटी वाचायला घेतली. पाटीवर लिहिलं होतं, 'शुद्द शाकाहारी'.

"शुद्धच अशुद्ध लिहून ठेवलं, बापा," असं ती म्हणाली आणि गल्ल्यावरचा टक्कल पडलेला मालक उठून उभाच राहिला. त्यानं आवाज ओळखला होता. बाळापूरच्या शाळेत तो तिच्या वर्गात होता.

"बाईनं मले दोनदा नापास केलं," तो बाबांना अभिमानानं सांगू लागला.

"तिसऱ्यांदा पास झाला ना," आजी म्हणाली.

"झालो तं. बापानं बकऱ्यामांगं लावलं होतं मले. बाई रोज घरी येत. बापाले म्हणत, पोराले सोडा, नाई तं मी बी येतो बकऱ्यामांगं. चौथ्या दिवशी खरंच आल्या, काठी घेऊन. बाप लाजला आन् मले शाळेत सोडून गेला."

तोवर मी आजीच्या कुशीत तोंड खुपसून बसले होते. तिनं पदरानं माझं नाक पुसलं. "रडू नको. तिखट भजे आहेत, चार खा. गोई दे माही." पाण्यासोबत गोळी घेतली आणि उरलेलं भजं माझ्या तोंडात कोंबलं. इतकं चांगलं भजं मी नंतर कधीच खाल्लं नाही.

साखरपुडा छान झाला. मला बघायला आलेल्या मुलाच्या आईनं सगळी हकीकत ऐकली आणि जेवायच्या आधीच नकार कळवला. (त्यासाठी आजीला समजवायची गरजच नव्हती.)

परतीच्या दिवशी मी गाडी दारात आणली. एसी बंद ठेवला, पुढचं सीट पुसलं, दार उघडून उभी राहिले. आजी पिशवी घेऊन आली आणि माझ्या समोरून फाटकाबाहेर निघाली.

"आजी, कुठं?"

"स्टँडवर. एसटीनं जातो मी. तिथी कंडक्टर निदान मान्सं मोजते."