उन्हात तापलेल्या नळ्या

दुष्काळाची वर्षं होती. गारखेड्यात नव्या इमारती उठत होत्या आणि गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर बसत होते. ते बसवणाऱ्या फिटरांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं, हे माझं काम.

एकदा परीक्षेला चितेगावकडची एक चाळिशीची बाई आली. माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, नवरा फिटर. गुडघा गेल्यापासून त्याला शिडी चढवेना, म्हणून गच्चीवरचं सगळं काम तीच करायची. कागदावर नाव मात्र त्याचं. आता प्रमाणपत्राशिवाय कुणी काम देईना.

सकाळी नऊलाच तिनं काचेच्या नळ्या बसवून सांधे आवळले. काम इतकं नेटकं की मला खोट काढता येईना. फक्त पाणी भरून दाखवायचं राहिलं होतं, तर इमारतीची टाकी कोरडी. टँकर आला एक वाजता. मला अजून दोघांची परीक्षा घ्यायची होती. टाकीत पाणी चढल्याबरोबर मी म्हणालो, "ताई, कॉक उघडा."

ती हलली नाही. "नाय साहेब. रिकाम्या नळ्या सकाळधरनं तापल्यात. आता गार पाणी गेलं तर तडकतील."

हे मीच कितीतरी जणांना शिकवलं होतं. घाईत विसरलो होतो, पण कबूल करायला जीभ रेटेना. "मी सांगतोय ना," मी म्हणालो. "सूचना पाळायचेही गुण असतात."

"मग ते कापा. लोकाची वस्तू हाय, मी नाय फोडायची."

तिनं खालून बारदान आणून नळ्या झाकल्या. "आता उद्या सकाळी, ऊन यायच्या आत," एवढं बोलून ती जिन्याच्या सावलीत जेवायला बसली. मीही शेजारी टेकलो. तिनं अर्धी भाकरी माझ्यापुढं केली.

"चूक माझी होती, ताई," मी म्हणालो.

"व्हय," म्हणत तिनं ठेचा सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ती आधीच गच्चीवर होती. कॉक उघडला, नळ्या एकेक करून भरल्या. सगळ्या शाबूत. 'सूचना पाळल्या का?' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं आणि खाली माझी चूक सविस्तर मांडून तिला उत्तीर्ण केलं.

महिन्याभरानं ती प्रमाणपत्राचं कार्ड न्यायला आली. स्वतःचं नाव तिनं बोट ठेवून सावकाश वाचलं, मग मला म्हणाली, "साहेब, एकडाव तुमी वाचा." मी मोठ्यानं वाचलं.