जर्मन पत्राला वेदाच्या खुणा

साहेबाचे डोळे जात चालले होते आणि घरची पत्रं वाचून दाखवायला त्याला एक तोंड पाहिजे होतं. ते तोंड माझं. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीत व्यापारी पुष्कळ झाले, पण जर्मन हा एकटाच. त्याच्या मुलखाची लिपी इंग्रजांनाही लागायची नाही. "मतलब तुमको नहीं मांगता," तो म्हणाला, "आवाज मांगता."

मी वैदिकाचा पोरगा. अक्षरं शिकलो आणि उच्चार नागरीत उतरवू लागलो. नागरी अपुरी पडली तिथं बापानं शिकवलेल्या वेदाच्या खुणा कामी आल्या. आवाज चढला की अक्षरावर उभी रेघ. घसा घासून निघणाऱ्या त्यांच्या 'ख'ला जिव्हामूलीयाचं चिन्ह. एक स्वर तर असा, की ओठ 'उ'चे आणि जीभ 'इ'ची. त्याले मी 'इ'खाली टिंब दिलं. वहीभर खुणा. गर्व होता मले त्याचा, खोटं कायले बोलू.

उच्चार चुकला की साहेब माझ्या तोंडात बोटं घालायचा. नुकतंच मांस खाल्लेली, तेलकट बोटं. जीभ मागं दाबायचा, ओठ चिमटीत धरायचा, आणि वखारीतले हमाल हसायचे. गावात बोभाटा झाला. बापानं मला पंगतीतून उठवलं. पुढं तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी मी उशाशी मंत्र म्हणायला बसलो, तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाटलेल्या तोंडाचा मंत्र मले नोको."

त्याला दुसरा मुलगा नव्हता. मंत्राविनाच गेला.

तेरावं उरकून कामावर गेलो. साहेब तोवर पुरता आंधळा झाला होता. मांडीवर त्याच्या आईचं पत्र. लाखेच्या मोहरेवर बोट फिरवून त्यानं ओळखलं होतं. मी वाचायला लागलो, आणि असं वाचलं की एक खूण चुकली नाही. साहेब मुकाट्यानं रडत होता. अर्ध्यावर मी थांबलो.

"पुढचं लागत नाही, साहेब."

लागत होतं. सगळं लागत होतं. सवयीनं त्याची बोटं चाचपडत माझ्या तोंडाकडे आली. मी मागं सरकलो.

"शिवू नोका. संध्या करून आलो मी."

महिनाभर तो रोज पत्र पुढं करायचा, हात जोडायचा, आणि मी रोज तेच सांगायचो. शेवटी बैलांच्या दमणीत बसून अकोल्याकडे निघाला, मायदेशी जायला. पत्र कोटाच्या आत होतं. मुंबई गाठायच्या आधीच मेला, असं कापसाच्या एका दलालानं सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं.

पण वैदिकाच्या तोंडात एकदा बसलेलं निघत नाही. दर वर्षी बापाच्या श्राद्धाला मंत्र म्हणायला बसतो आणि पहिल्या ओळीनंतर ते अर्धं पत्रच तोंडात येतं, उभ्या रेघांसकट, बिनचूक. मग मी गप्प बसतो आणि बापाचा मंत्र भटजी म्हणतात.