विहाराला दिलेलं मशीन

मी वर्गात झोपायचो. शिक्षकाने असं लिहिणं बरं नव्हे, पण खोटं तरी कशाला लिहू? महाडच्या शाळेत दुपारच्या तासाला फळ्यावर भागाकार मांडायचा, मुलांना सोडवायला सांगायचं आणि खुर्चीत टेकायचं, की माझी मान पडलीच. मुलं आधी हसायची. पुढे हसेनाशी झाली, सरांना जाग येऊ नये म्हणून चिडीचूप बसायची. त्या शांततेत दचकून जागा झालो की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

झोपेत माझा श्वास अडतो, हे तपासणीत कळलं. घोरता घोरता घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, शरीर धडपडून जागं होतं, आणि हे रात्रभर चालतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी झोपताना लावायचं मशीन घ्यायला लावलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब. पण माझ्या नाकाचं हाड वाकडं, एक नाकपुडी कायमची बंद. दाब जास्त ठेवावा लागे आणि तो मला सोसवत नसे. मी वैतागून मास्क भिरकावून द्यायचो. त्यात लाज वेगळीच. पाहुणे यायचे म्हटलं की मशीन कपाटात साड्यांमागे लपवायचो. "चोरीचा माल आहे का हो तो?" असं बायको विचारायची.

शेवटी डॉक्टरांनी नाकाचं ऑपरेशन सुचवलं. ते काय काय म्हणाले ते बायकोने नीट ऐकलं. मी 'नाक मोकळं होईल' एवढंच ऐकलं.

आणि झालंही तसंच. सूज उतरल्यावर एका सकाळी चुलीवर भाजलेल्या बोंबलाचा वास दोन्ही नाकपुड्यांनी आला, तेव्हा मी जग जिंकलं. घोरणंही कमी झालं. भेटेल त्याला सांगत सुटलो, बरा झालो. "डॉक्टरांनी मशीन चालू ठेवून पुन्हा तपासणीला बोलावलंय," बायकोने आठवण करून दिली. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?" असं मी तिला चक्क म्हणालो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट आहे. कुणी दुखण्यातून उठलं किंवा गेलं, की त्याचं सामान त्या कपाटात येतं. वॉकर, कमोडची खुर्ची, वाफ घ्यायचं यंत्र. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून ठेवावं, अशी रीत. पौर्णिमेच्या वंदनेला मी गेलो, मशीन दान केलं आणि वर भाषणही ठोकलं. आजारावर जिद्दीने मात करता येते वगैरे. टाळ्या पडल्या, गुलाबाचं फूल मिळालं, आणि मी ते शर्टाच्या खिशाला लावून एसटीने महाडला आलो.

पुढे एका रविवारी सासुरवाडीहून स्कूटरवर परतत होतो. मागे बायको. लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता, आणि मला झोप लागली. स्कूटर डांबर सोडून खाली कापलेल्या भातखाचरात गेली. बायकोचं कोपर सोलवटलं. तिने उठून साडी झटकली, माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे."

पुन्हा तपासणी झाली. श्वास अजून अडतच होता.

"मशीन लावता ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी बायकोकडे पाहिलं.

"दान केलं," बायको म्हणाली.

डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "सर, ऑपरेशन मशीन सुटावं म्हणून नव्हतं. मशीन तुम्हाला लावता यावं म्हणून होतं. नाक मोकळं झालंय, आता कमी दाबावर भागेल, मास्कचा त्रासही होणार नाही. पण झोपेत मिटतो तो घसा, आणि घशाला मी हात लावलेला नाही."

दुसरं मशीन घेण्याची ऐपत नव्हती. पुन्हा वाडीची चढण चढलो. विहाराची किल्ली माझ्या चुलतकाकांकडे असते. ते पडवी झाडत होते, दोन बायका पायरीवर बसल्या होत्या. मी घरूनच थाप जुळवून आणली होती. "काका, ते मशीन सर्व्हिसिंगला न्यायचंय."

"कुनी वापरलंच नाय, तर सर्व्हिसिंग कशापायी?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. "काका, मी बरा झालेलो नाय. मला ते परत पायजे."

"मंग ने की. लागंल त्यानं न्यायाचं. तुला काय वेगळी रीत हाय?"

मला खरोखरच वाटत आलं होतं, की मी देणाऱ्यांतला, मला वेगळी रीत. काकांनी मशीन आणून हातात दिलं. झाकणावर तांबड्या ऑइलपेंटने माझ्या वडिलांचं नाव होतं, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. मी असं काही सांगितलं नव्हतं. काकांनी आपल्या मायेने रंगवलं होतं.

"तुझा बापूस बी असाच घोरायचा रे," ते म्हणाले. "मधीच श्वास बंद. आम्ही सगळी पोरं हसायचो. मंग धक्का बसल्यागत चालू व्हायचा." आम्ही दोघेही त्या झाकणाकडे बघत राहिलो. "तवा कुनाला काय ठावं रे," काका हळूच म्हणाले.

बाबा झोपेत गेले. साठीही गाठली नव्हती. तेव्हा सगळी वाडी म्हणाली, भाग्यवान माणूस, कसला त्रास नाही. मीही आजवर लोकांना तेच, तेही काहीशा अभिमानाने, सांगत आलो होतो. आता बाबा कसे गेले असं कुणी विचारलं, की मला ते सांगवत नाही.