कातिबचाचांची अक्षरं

ही गोष्ट मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

शहागंजात एका छापखान्याच्या माडीवर एक कातिब बसतात. हातानं उर्दू अक्षरं लिहायची, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, हे तेव्हा त्यांचं काम. मी त्यांना चाचा म्हणतो. ते मला सर म्हणतात, कारण मी संगणक दुरुस्त करतो आणि एका क्लासात शिकवतोही. चाचांनी आपल्या वळणाची अक्षरं, एकेका जोडासकट, एका जुन्या संगणकात चढवली होती. त्या संगणकाची जातच निराळी, आतला प्रोसेसर आजच्यासारखा नव्हता. एका दुपारी धूर सोडून तो बंद पडला.

मी डिस्क काढून तिची नक्कल उतरवली. नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात ती लावून पाहिली. काळा पडदा. तीन दिवस काळाच पडदा. चाचा मागं उभे राहून मान लांबवून बघायचे. 'मला जमत नाय' एवढं काही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "चाचा, डिस्कच गेली. तुम्ही भिंतीवरचं बटण दाबून तडक बंद करायचात ना, त्यानं."

"मेरेच हाथ से?"

"व्हय."

चाचा वळले. बोरू काढून कागदावर लिहायला बसले. वयानं रेघ तेव्हाच हलत होती.

दोनेक महिन्यांनी क्लासचा धडा तयार करताना कळलं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एकाच खोलीत पडदी घालून ठेवलेला पोटभाडेकरू. प्रोसेसर तो मालकाचाच वापरणार. निराळ्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं काम त्याला कळायचं नाही. तिथं एम्युलेटर लागतो. तो जुन्या प्रोसेसरचं सोंग घेतो, एकेक हुकूम नव्याच्या भाषेत सांगत बसतो, म्हणून हळू चालतो. डिस्क धडधाकट होती. नक्कल माझ्याच कपाटात होती. मी तो फरक फळ्यावर लिहून शिकवला, आणि शहागंजाचा रस्ताच सोडला.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, चुकीचं सॉफ्टवेअर वापरलं तर आतलं सगळं जातं का?"

"छे. आतल्याला धक्का लागत नाय. फक्त उघडत नाय."

बोललो आणि खडू हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर एम्युलेटर चढवून, ती नक्कल घेऊन माडी चढलो. चाचा आता चष्मा लावून नुसती प्रूफं तपासतात. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. डिस्क, पोटभाडेकरू आणि एम्युलेटर यांतला फरक, माझं अज्ञान, नंतर कळल्यावरही गप्प राहणं.

चाचांनी चष्मा काढला. "म्हणजे पाहिजे होता दुभाषा, आणि तुम्ही बसवला किराएदार."

"तसंच."

"और बोले, मैं बिगाड़ा."

"व्हय चाचा."

मी एम्युलेटर सुरू केला. पडदा बराच वेळ रेंगाळला. मग एकेक करून ती अक्षरं आली. चाचांनी नाक पडद्याला लावलं. "सुस्त है. मगर मेरेच हैं." मग एका अक्षरावर बोट ठेवून, "ये टेढ़ा है. तब भी टेढ़ाच था."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातानंच थांबवून ते जिन्याकडं गेले आणि खाली मशीनवर काम करणाऱ्यांना ओरडले, "अरे सुनो! वो कंप्यूटर मैं नै बिगाड़ा था! छे साल से ताने मार रहे तुम लोगां! ये सर की गलती है!"

खालून कुणीतरी हसलं. "सच्ची क्या, सर?"

मी चाचांच्या शेजारी जाऊन जिन्यात वाकलो आणि छाती मोकळी करून ओरडलो, "सच्ची! माझीच!"