नालीवरची फळी

वकीलसाहेबांच्या पांगळ्या पोराची चाकांची खुर्ची नालीपलीकडे गेली आणि त्यांच्या गड्याने फळी उचलली. माझ्या तोंडासमोर.

"मले बी जाऊ दे नं," मी म्हटलं.

"फळी साहेबाच्या घरची हाय. तू ये खालून घसरत."

लहानपणी तापात माझे पाय वाळले. वकिलाच्या पोराचेही, त्याच साली. त्याला मुंबईहून बिलायती खुर्ची आली, रबरी चाकांची. मला बापाने पाटाला चार लाकडी चाकं ठोकून दिली. अमरावतीत राज्य इंग्रजांचं होतं आणि रस्ता पायवाल्यांचा. तो वाचनालयात जायचा. मी माळ्याची पोर, फुलं घेऊन बाजारात. वाट एकच, मध्ये उघडी नाली.

त्या दिवशी मी नालीत उतरले. टोपली पाटावर, पाट पुढे ढकलत. लुगडं घाणीने भरलं. बाजारात पहिलीच बाई शेवंतीला हात लावता लावता थांबली.

"नालीतून आलेली फुलं देवाले कशी वाहू?"

मग कोणीच घेतली नाहीत. सगळी टोपली गाईपुढे टाकली.

मी जळायची. खोटं कशाला बोलू? त्याची खुर्ची, मांडीवरची शाल, त्याला मालक म्हणणारा गडी, सगळं डोळ्यांत सलायचं. तो एकदा तोंडावर आपटावा म्हणून देवाला साकडं घालायची. आई म्हणायची, "दुसऱ्याचं पाहून जळू नोको, बाई." मी आणखी जळायची.

एका सकाळी गडी फळी विसरला. ती आणायला घरी पळाला. काठावर आम्ही दोघंच, तो आणि मी. रबरी चाकं असून त्याला वीतभर पुढे जाता येईना. मला आधी हसू आलं. मग ते आटलं. इतकी वर्षं मी खुर्चीवर जळले, आणि खुर्ची बिचारी माझ्या पाटासारखीच अडली होती.

गड्याने फळी टाकली. खुर्ची हलायच्या आत मी पाट फळीवर घातला आणि मधोमध थांबले.

"बाजूला हो, मला उशीर होतोय," तो म्हणाला.

"मले रोज होते."

"ऊठ इथून," गडी ओरडला.

"उठता आलं असतं तं पाटावर बसली असती काय?"

लोक जमले. वकिलाच्या पोराने मान खाली घातली, पण 'तिलाही रोज फळीवरून जाऊ दे' एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. ऊन चढलं, शेवंतीने माना टाकल्या. मी हलले नाही.

जळणं अजून गेलेलं नाही, जाऊही नये. पण आता मला त्याची खुर्ची नको, फळीही नको. नालीवर दगडी फरशी पाहिजे, कोणाच्या गड्याला उचलता येणार नाही अशी. ती बसेपर्यंत मी रोज मधोमध बसणार, आणि त्याची खुर्ची माझ्यामागे थांबणार.