लहानूले विचारू का?

लहानूच्या मरणाची बातमी आली तेव्हा माझा हात दुपट्ट्याखाली होता. बैलांच्या बाजारात आम्ही दलाल भाव तोंडाने बोलत नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतो, म्हणजे शेजारी उभा असलेल्यालाही काही कळत नाही. समोरचा माणूस कारंज्याचा होता, जोडी देखणी होती आणि मी एका बोटावर अडून बसलो होतो. तेवढ्यात वडनेरहून आलेला एक ओळखीचा गाडीवान गर्दीतून जवळ आला आणि म्हणाला, "सदाभाऊ, लहानू गेला. आज सकाळी." मी मान हलवली... आणि बोट सोडलं नाही. सौदा पुरा केला, माझ्या भावात केला. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, तेव्हा कुठे त्या गाडीवानाला शोधायला वळलो. त्याला आता सहा आठवडे होतील. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी लहानूवर चार शब्द लिहा, तुम्ही त्याचे जुने सवंगडी, असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं, की मी सात वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो.

आम्ही दोघेही वडनेरचे. माझ्या बापाकडे देण्यासारखं काही नव्हतं. मी दुसऱ्यांचे बैल हाकत बाजारात शिरलो आणि जिभेच्या जोरावर दलाल झालो. राग नाकावर आणि शब्द ओठावर, हे तेव्हाही खरं होतं. लहानू हिंगणघाटच्या एका जिनात कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर कामाला होता. हंगामभर डोक्यापासून पापण्यांपर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. त्याची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे. तिथल्या माणसाने आमच्या विहिरीवर यायचं नाही, असा तो काळ. पण हुतूतूच्या मैदानावर मात्र लहानूशिवाय आमचं पान हलत नव्हतं. छाती भात्यासारखी, एका दमात समोरच्या अंगणाच्या तीन फेऱ्या मारून यायचा आणि वर हसायचा. आमच्या संघाचा म्होरक्या तोच होता. तसं आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण होता.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सडकेवरच्या चहाच्या हॉटेलात आमचा एक वाद ठरलेला असे. सगळ्यात अवघड खेळ कोणता? तालमीतले बापूजी म्हणत, कुस्ती. बाकी सगळा पोरखेळ. शाळेतले गुरुजी नागपूरला एकदा हॉकी बघून आले होते, ते तिचीच बाजू धरत. एका काठीने पळता चेंडू आवरणं म्हणजे काय, हे ते चमचा आणि सुपारी घेऊन टेबलावर दाखवत आणि सुपारी हमखास कोणाच्या तरी चहात पडे. माझं मत शंकरपटाचं. दोन बैल, एक माणूस, तिघांची डोकी तीन दिशांना आणि धावायचं मात्र एका रेषेत. बापूजी म्हणत, "तू पटाचंच बोलशीन बाप्पा, तुले बैल खपवाचे हायेत." सगळे हसत आणि मी चिडे. लहानू बाहेर निंबाच्या पारावर बसून ऐके. त्याचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला. तो आम्ही कोणी आत आणून ठेवला नाही, हेही आज लिहिलं पाहिजे. एकदा बापूजींनी बाहेर हाक मारून त्याचं मत विचारलं. तो म्हणाला, "कुस्तीत पाठ टेकली का लोकायले दिसते. पटात कोण पुढं गेला ते दिसते. हुतूतूत दम तुटला का नाई, ते ज्याचं त्यालेच माहीत. अन् सांगा लागते त्यानंच." बापूजी म्हणाले, हे काही खेळाचं अवघडपण नाही. मीही त्यांच्याच बाजूने मान हलवली.

पण मैदानावर आम्ही खेळत होतो ते लहानूच्याच रिवाजाने. त्याच्याकडे एक रॉकेलचा डबा होता, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. घरच्या चुलीची राख त्यात भरून तो रोज मधली रेघ आखायचा. आणि त्या रेघेचा कायदा एकच. वर पंच नाही, शिट्टी नाही. चढाई करणाऱ्याचा दम तुटला, तर त्याने स्वतः हात वर करून "तुटला" म्हणायचं आणि बाहेर बसायचं. नवा गडी पहिल्या दिवशी हसायचा. आठवड्याने तोही हात वर करायचा. आजूबाजूच्या गावांना हे माहीत होतं, आणि वडनेरची पोरं म्हटलं की लोक आमचा शब्द धरायचे.

मग केळझरचे सामने आले. शेवटचा डाव, दोन्ही बाजू सारख्या, आणि चढाई माझी. मी दोघांना शिवलो, तिसऱ्याने घोटा धरला, चौथा कमरेला. मी सरपटत रेघेकडे आलो. गर्दी इतकी ओरडत होती की माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. रेघ हातभर उरली असताना छातीत काहीतरी रिकामं झालं आणि तोंडातलं हुतूतू थांबलं. डोळ्याची पापणी लवावी इतकंच. मग मी पुन्हा दम धरला आणि बोटं रेघेला लागली. पंचांनी विचारलं, दम होता? मी म्हटलं, होता. समोरचा संघ भडकला. पंच गोंधळले. तेव्हा केळझरचाच एक जाडजूड गडी पुढे आला आणि म्हणाला, "लहानूले विचारा. तो म्हणीन ते आमाले कबूल."

लहानू माझ्याकडे आला. मला वाटलं, आता जिंकलो. कोण आपल्याच माणसाला पाडतो? तो हळूच म्हणाला, "सदाभाऊ, तू सांग." मी म्हटलं, "सांगतलं नं. होता." तो तसाच उभा राहिला. सौद्यात माणूस शेवटच्या भावाला थांबतो तसा थांबला. मी नजर काढून घेतली. मग तो पंचांकडे न बघता, रेघेकडे बघत म्हणाला, "तुटला होता."

आम्ही हरलो. माझा संताप मस्तकात गेला. दोन्ही संघ आणि निम्मं केळझर ऐकत असताना मी त्याला म्हणालो, "तुमच्यासारख्यायले बरोबरीनं खेळाले घेतलं, हेच चुकलं आमचं." तुमच्यासारख्यायले म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. लहानूचा चेहरा मला अजून दिसतो. तो रागावला नाही. त्याने वाकून पायाला लागलेली माती झटकली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला.

एवढ्यावर ते संपलं असतं. पण ही हकीकत माझ्याआधी बाजारात पोचली. मी गिऱ्हाइकाला सांगावं, बैल चार दाती आहे, जोडीने वाढलेला आहे, आईच्या शपथेवर सांगतो... आणि मागून कोणीतरी म्हणावं, "लहानूले विचारू का?" की अख्खा बाजार हसला. ज्या माणसाची सगळी कमाई त्याच्या शब्दावर, त्याला हे काय वाटतं ते दलालालाच कळेल. मी दोघांच्या कॉलरी धरल्या, एकाचं डोकं फोडायला निघालो होतो. काही फरक पडला नाही. दर बाजाराला ते वाक्य कानावर यायचं आणि दर बाजाराला मी लहानूवरचा राग नवा करून घरी जायचो. गप्प राहायला त्याचं काय जात होतं, हा प्रश्न मी मनात इतक्यांदा विचारला की तो खराच आहे असं वाटू लागलं. खरं सांगायचं तर आजही कधीकधी वाटतं.

तो मैदानावर यायचा थांबला, ते केळझरहून परतल्यापासून. पुढे नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली. परतला तेव्हा पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, ताठ मानेने आमच्या घरासमोरून गेला. मी ओट्यावर होतो. त्याने हात जोडले. मी बैलाचा पाय बघायला वाकलो. त्यानंतर हळूहळू त्याच्या छातीत जिनाची रूई बोलू लागली. दहा पावलांवर बसायचा, असं लोक सांगायचे. ज्याच्या दमावर आम्ही सामने मारले, त्याला घरापासून सडकेपर्यंत येताना तीनदा थांबावं लागे. यंदाच्या उन्हाळ्यात त्याने निरोप पाठवला, "सदाभाऊले म्हणा, एकडाव येऊन जाजो." आमच्या धंद्यात एक गोष्ट हाडात मुरलेली आहे: जो आधी बोलतो तो भाव हरतो. मला वाटलं, आला हा रस्त्यावर, आता अजून ताणू. मी उलट निरोप दिला की काम असेल त्याने यावं. माझ्या घरापासून त्याचं घर, नाला धरून, फार तर चारशे पावलं. ती त्याला चालता येत नाहीत, हे मला माहीत होतं... आणि तरी मी थांबलो. दोन महिने थांबलो.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी मी नाला ओलांडला. त्याची बायको भागाबाई मला बघून उठली, पाट दिला. मी विचारलं, वहिनी, काय सांगायचं होतं त्याला? ती म्हणाली, "काई मोठं नाई, भाऊजी. ते म्हणत, सदाभाऊले मी चार लोकात पाडलं. बाजूले घेऊन बोलाले पाह्यजे होतं. तेवढं त्याले सांगाचं राह्यलं." मग तिने सहज विचारलं, "काय झालतं हो तवा? त्यायनं मले कदी सांगतलंच नाई." माझा शब्द त्याने घरात आणला नव्हता. सात वर्षं एकट्याने बाळगला होता. मी पाटावर बसलो होतो, हात वर करायला याहून चांगली जागा मिळाली नसती. आणि मी म्हणालो, "काई नाई, वहिनी. खेळातली गोष्ट." दुसऱ्यांदा रेघेच्या अलीकडे माझा दम तुटला आणि दुसऱ्यांदा मी "होता" म्हणालो.

गेल्या बाजारात मी एका शेतकऱ्याला बैलाचे दात दाखवत होतो. मागून जुन्या सवयीने कोणीतरी म्हणालं, "लहानूले विचारू का?" कोणी हसलं नाही. म्हणणाऱ्यालाच आठवलं असावं, तो ओशाळून बैलाची पाठ चोळू लागला. मी दात सोडले आणि म्हटलं, "विचारू नका. तुटला होता माझा दम. लहानू खरं बोलला." इतकं सोपं होतं ते. चार शब्द. बाजार पुन्हा सुरू झाला. माझं काही कमी झालं नाही. पण दुसरं वाक्य, त्याला केळझरला म्हटलेलं, तोंडातून निघालं नाही. ते इथे लिहिलं. भागाबाईला वाचता येत नाही. हे छापून आलं की मीच जाऊन तिला वाचून दाखवीन. तिथेही आवाज गेला, तर हात वर करीन.

मैदानावर आता गवत आहे. लहानूचा डबा मात्र मैदानाच्या कडेच्या निंबाला अजून टांगलेला आहे. केळझरला जायच्या आधी त्यानेच ठेवला असेल. परवा मी तो काढून हलवला. आतली राख पावसाने भिजून दगड झाली होती. खूप आपटल्यावर एका भोकातून चिमूटभर खाली पडली, माझ्या पायांसमोर, रेघ आखण्याइतकीही नाही.